मध्यस्थाच्या हाती नुसती पत्रं

6 एप्रिल 2010 रोजी छत्तीसगडमधल्या ताडमेटला इथे माओवाद्यांनी 76 जवान मारले. त्यानंतर सरकार आणि माओवाद्यांची बोलणी घडवून आणायला सामाजिक कार्यकर्ते स्वामी अग्निवेश मध्ये पडले. त्यांच्या पाठीशी कुठलीही आंतरराष्ट्रीय संघटना नव्हती.

1 जुलैच्या रात्रीपासून मागे मोजू. 57 दिवस आधी, 5 मे : रायपूरहून दंतेवाड्याकडे शांतियात्रा निघते. अग्निवेशांसोबत शास्त्रज्ञ प्रा. यशपाल, गांधीवादी नारायण देसाई. वाटेत निदर्शक त्यांनाच माओवाद्यांचे पाठीराखे ठरवतात.

51 दिवस : गृहमंत्री पी. चिदंबरम अग्निवेशांना पत्र लिहितात : माओवाद्यांनी 72 तास हिंसा थांबवावी, मग सरकार बोलणीला बोलावेल.

45 दिवस : माओवादी दंतेवाडा जिल्ह्यात सुरुंगाने बस उडवतात. पोलिसांबरोबर साधे प्रवासीही मरतात.

31 दिवस : माओवाद्यांचे प्रवक्ते आझाद, म्हणजे चेरुकुरी राजकुमार, लेखी उत्तर देतात. टीका बोचरी, पण दार बंद नाही.

5 दिवस : अग्निवेशांचं पुन्हा पत्र. त्यांच्या सांगण्यानुसार, त्यात शस्त्रसंधीसाठी जुलैतल्या तारखा सुचवलेल्या असतात.

आदला दिवस, 30 जून : पत्रकार हेमचंद्र पांडे दिल्लीहून नागपूरला निघतात, असं घरचे सांगतात.

सुमारे 12 तास, 1 जुलै, सकाळी 11 : नागपूर. माओवाद्यांच्या निवेदनानुसार आंध्र पोलीस आझाद आणि पांडे यांना इथेच उचलतात. पोलिसांना हे मान्य नाही.

शून्य तास, 1 जुलैची रात्र : महाराष्ट्राच्या सीमेलगत, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यातलं जंगल. पोलिसांच्या मते चकमक. आझाद आणि पांडे दोघेही ठार.

नंतर : जानेवारी 2011 मध्ये याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रजासत्ताकाने स्वतःचीच लेकरं मारावीत हे चालू देता येणार नाही. पुढे सीबीआयने चकमक खरी ठरवली. ती बनावट असल्याचा आरोप करणाऱ्यांना ते पटलं नाही.

तुलनेसाठी एक जुनी मध्यस्थी : 1961 साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड काँगोतून फुटलेल्या कटांगाचे नेते त्शोम्बे यांना भेटायला निघाले आणि आफ्रिकेतल्या एन्डोलाजवळ विमान कोसळून मरण पावले. त्यांच्याकडे निदान संघटनेचं विमान, सैन्य आणि सनद होती. अग्निवेशांकडे दोन्हीकडची पत्रं होती. निरोप घेऊन निघालेला आझादसारखा माणूस सुखरूप परतेल, ही हमी देण्याचा अधिकार मात्र नव्हता. मध्यस्थ निःपक्ष आहे की नाही यावर आपण तावातावाने भांडतो. त्याला तेवढी हमी देता येईल, एवढी मोकळीक दोन्ही बाजूंनी आधी दिली पाहिजे. नाहीतर बोलणीच्या तारखा कागदावरच राहतात.