गेरेरो, लालो
(२४ डिसेंबर १९१६–१७ मार्च २००५). चिकानो संगीताचे जनक मानले जाणारे मेक्सिकन-अमेरिकन गायक-गीतकार. जन्म ॲरिझोनातील तूसॉन येथे. गिटारचे पहिले धडे आईकडून.

बोलेरो, स्विंग, मांबो अशा नाना चालींत त्यांनी गाणी बांधली. खरी हुकमत मात्र कथनावर. १९४० च्या दशकातील त्यांच्या पाचूको गीतांत ढगळ विजार आणि लांब कोट घालून मिरवणाऱ्या तरुणांची बोली जशीच्या तशी येते (पहा : कालो). लुईस वाल्देझ यांच्या ‘झूट सूट’ (१९७८) या नाटकात यांतली काही गाणी घेतलेली आहेत. ‘पांचो लोपेझ’ (१९५५) हे डेव्ही क्रॉकेटवरील गाजलेल्या गीताचे विडंबन. शेतमजुरांचे नेते सेसार चावेझ यांच्यावरही त्यांनी कथागीत रचले (पहा : कोरिदो).

अमेरिकेचे राष्ट्रीय कला पदक १९९६ साठी मिळाले.