गाडी बेळगावची, कर कोल्हापूरचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा मोठा भाऊ चंदगड तालुक्यात डॉक्टर होता. १९९१ च्या उन्हाळ्यात त्याने मारुती व्हॅन घ्यायचं ठरवलं. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या बस्त्यालाही बेळगावलाच जातात. कोल्हापूर जिल्ह्याचं ठिकाण खरं, पण ते लांब. मी कोल्हापुरात विक्रीकराची कामं करत असे. दादाने फोन करून विचारलं, "गाडी बेळगावातून घेतली तर काही भानगड नाही ना रे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "डिलिव्हरी बेळगावात घे. तिथला विक्रीकर तिथे भरला की विषय संपला."

विषय संपला नव्हता. तात्पुरत्या नंबरावर गाडी घरी आली, पेढे वाटून झाले आणि कायमच्या नोंदणीसाठी कोल्हापूरला नेली तेव्हा तिथल्या कारकुनाने विचारलं, "प्रवेशकर भरल्याची पावती?" महाराष्ट्राने १९८७ मध्येच बाहेरून येणाऱ्या मोटारींवर प्रवेशकर बसवणारा कायदा केला होता. तो माझ्या कपाटात होता, डोक्यात नव्हता. माझी सगळी गिऱ्हाइकं गुळाची, सुताची आणि यंत्रांच्या सुट्या भागांची. मोटार कधी हाताखालून गेलीच नव्हती.

कायदा तसा अन्यायाचा नव्हता. दुसऱ्या राज्यात भरलेला विक्रीकर त्यातून वजा होत असे, फक्त तो भरल्याचं दाखवावं लागे. दादाच्या बिलावर मात्र गाडीची एकूण किंमत एका आकड्यात होती, कर वेगळा दाखवलेलाच नव्हता. मग विक्रेत्याचा दाखला आणण्यासाठी बेळगावच्या फेऱ्या सुरू झाल्या. मालक कधी बंगळूरला, तर कधी हिशेबनीस रजेवर. तोवर तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपली आणि व्हॅन बावीस दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी राहिली. चंदगडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना या बावीस दिवसांचा अर्थ कळेल. याच दिवसांत एका वाडीवरची बाळंतीण अडली. दादाने तिला दूध डेअरीची जीप मागून बेळगावला पोचवलं. बाई आणि बाळ सुखरूप राहिले. दादा मला एवढंच म्हणाला, "तुझा कायदा जरा वाचून ठेवत जा."

तेव्हापासून मी तो वाचतो आहे. आणि वाचता वाचता लक्षात आलं की, एका राज्यात घेतलेल्या आणि दुसऱ्या राज्यात वापरलेल्या वस्तूवर कर कुणी घ्यायचा, या प्रश्नावर आपल्या देशात सत्तर-ऐंशी वर्षं डोकी फुटली आहेत. गंमत अशी की, या भांडणात मोटार पहिल्यापासून हजर आहे.

आपल्याकडच्या विक्रीकराची सुरुवातच मुळी पेट्रोलपासून झाली. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर बसवायचा अधिकार दिला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे नागपूरहून कारभार चालणारा प्रांत, याने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर लावला. केंद्राची हरकत आली की, हे तर उत्पादनशुल्क झालं आणि ते आमच्या अखत्यारीतलं. गव्हर्नर जनरलने प्रश्न नव्या फेडरल कोर्टाकडे पाठवला. सर मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ती सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर अशा तिघांसमोर तो चालला. कोर्टाने प्रांताच्या बाजूने कौल दिला. फेडरल कोर्टाने निकालात काढलेलं हे पहिलंच प्रकरण. पुढच्याच वर्षी मद्रासने जवळजवळ सगळ्या मालावर विक्रीकर बसवला. मुंबई प्रांतात तो १९४६ मध्ये आला.

प्रत्येक प्रांताचा कायदा आला आणि प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या ताटावर गेली. माल आमच्याकडे बनला म्हणून कर आमचा, सौदा आमच्याकडे ठरला म्हणून कर आमचा, माल आमच्याकडे पोचला म्हणूनही आमचाच! एकाच विक्रीवर दोन-दोन, तीन-तीन प्रांत दावा सांगू लागले. घटनाकारांनी हे ओळखून २८६ वं कलम घातलं. राज्याबाहेर झालेल्या विक्रीवर राज्याने कर घ्यायचा नाही, आणि आंतरराज्य व्यापारावर संसदेने परवानगी दिल्याशिवाय घ्यायचा नाही, असं त्यात होतं. पण त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं होतं. जिथे वापरण्यासाठी माल प्रत्यक्ष पोचवला, तिथेच विक्री झाली असं मानावं, असं ते स्पष्टीकरण सांगत होतं. कायद्याच्या पुस्तकात 'स्पष्टीकरण' हा शब्द दिसला की, आम्ही करसल्लागार खुर्ची पुढे ओढून बसतो. कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इथेही तसंच झालं. १९५२ मध्ये मुंबई राज्याने नवा विक्रीकर कायदा केला. त्याच्याविरुद्ध हायकोर्टात कोण गेलं? मुंबईतले मोटारविक्रेते. त्यांच्यातल्या 'युनायटेड मोटर्स' या कंपनीच्या नावाने हा खटला आजही ओळखला जातो. तुमचा कायदा राज्याबाहेरच्या विक्रीलाही जाळ्यात ओढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई हायकोर्टाने कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि ३० मार्च १९५३ रोजी मुख्य न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांच्या पीठाने बहुमताने कायदा मुख्यतः उचलून धरला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, माल जिथे वापरण्यासाठी पोचतो त्या राज्याला कर घेता येईल, मग विक्रेता दुसऱ्या राज्यातला का असेना, असं कोर्टाने सांगितलं.

ऐकायला हे सरळ वाटतं. पण मुंबईच्या व्यापाऱ्याने बिहार, मद्रास आणि ओरिसात माल पाठवला तर त्याने तिन्ही ठिकाणी नोंदणी करायची, तिन्ही ठिकाणची विवरणपत्रं भरायची आणि तिथला अधिकारी बोलावील तेव्हा वह्या घेऊन हजर व्हायचं. लहान व्यापाऱ्याला हे झेपणारं नव्हतं. कलकत्त्याजवळ लसी आणि औषधं बनवणाऱ्या बेंगॉल इम्युनिटी कंपनीला बिहारने अशीच नोटीस दिली होती. कंपनी लढली आणि ६ सप्टेंबर १९५५ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने दोन वर्षांपूर्वीचा आपलाच निकाल फिरवला. आंतरराज्य विक्रीवर संसदेने सांगेपर्यंत कुणीच कर घ्यायचा नाही!

आता सरकारांची पंचाईत झाली. दरम्यान गोळा केलेला पैसा परत करायचा की काय? मग १९५६ मध्ये वैधीकरणाचा कायदा करून १ एप्रिल १९५१ ते ६ सप्टेंबर १९५५ या काळातली वसुली कायदेशीर ठरवण्यात आली. त्याच वर्षी सहावी घटनादुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकर कायदाही आला, आमच्या धंद्यातला 'सीएसटी'. प्रत्यक्ष आकारणी १ जुलै १९५७ पासून. माल जिथून निघाला त्या राज्याने कर घ्यायचा आणि तो त्याच राज्याने ठेवायचा, अशी तडजोड झाली. नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधल्या विक्रीवर दर सुरुवातीला एक टक्का होता, तो १९७५ पर्यंत चार टक्क्यांवर गेला. त्यासाठी लागणारा 'सी' फॉर्म मिळवण्यात माझ्या पिढीच्या करसल्लागारांची निम्मी हयात गेली, हे जाता जाता सांगून टाकतो.

पण 'माल जिथून निघाला' म्हणजे तरी काय? १९७० मध्ये सुप्रीम कोर्टासमोर टेल्कोचे ट्रक आले. ते जमशेदपूरच्या कारखान्यातून निरनिराळ्या राज्यांतल्या कंपनीच्याच गोदामांत जात आणि तिथून विक्रेत्यांना दिले जात. बिहारचं म्हणणं, विक्रेत्यांची मागणी होती म्हणूनच ट्रक निघाले, तेव्हा कर आमचा. कोर्टाने ते मानलं नाही. कोणता ट्रक कुणाचा, हे गोदामात ठरतं. तोवर तो कंपनीचा मालच आहे, विक्री झालेलीच नाही. शोरूममधल्या गाडीवर आपण राहत्या राज्याचा कर भरायचो, त्याचं मूळ या विचारात आहे.

दादाच्या व्हॅनला हाच नियम उलट्या बाजूने लागला. त्याने ताबा बेळगावात घेतला, म्हणजे विक्री कर्नाटकातली आणि कर कर्नाटकाचा. पुढे गाडी कुठे न्यायची, हा त्याचा खासगी मामला. मी सांगितलं होतं ते तेवढ्यापुरतं बरोबरच होतं. परंतु ज्या राज्याच्या हद्दीला शेजार लागून आहे, त्याची तिजोरी गप्प बसत नाही. विक्रीवर हात टाकता येत नाही ना, मग प्रवेशावर टाकू! 'स्थानिक क्षेत्रात वापरासाठी येणाऱ्या मालावरील कर' अशी राज्यांच्या यादीत एक नोंद होती. आपली जकात त्याच नोंदीवर उभी होती. तिच्याच आधाराने महाराष्ट्राने १९८७ मध्ये, तमिळनाडूने १९९० मध्ये आणि केरळने १९९४ मध्ये मोटारींवर प्रवेशकर आणला. केरळच्या कायद्यात, बाहेर नोंदणी होऊन पंधरा महिने झालेली गाडी मात्र त्यातून सुटत असे. त्यामुळे नवी कोरी गाडी पंधरा महिने पाहुण्यांकडे ठेवणारे महाभाग निघाले असतील, तर मला नवल वाटणार नाही.

ही युक्ती आपल्याच सरकारांची, असं मी बरीच वर्षं समजत होतो. नंतर माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीला गेला. शेजारच्या डेलावेअर राज्यात विक्रीकरच नाही, हे कळल्यावर त्याने मोठ्या हुशारीने गाडी तिथून आणली. न्यू जर्सीत नोंदणीच्या खिडकीवर त्याच्याकडून तिथल्या दराने पुरता कर घेतला. तिकडे याला 'यूज टॅक्स' म्हणतात, म्हणजे वापरकर. वॉशिंग्टन राज्याने तो १९३५ मध्ये आणला. ग्रँड कूली धरणाच्या कंत्राटदारांनी बाहेरून आणलेल्या यंत्रांवर तो लागला, ते कोर्टात गेले आणि १९३७ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी कर वैध ठरवला. दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची वजावट तिथेही होती. भाच्याला मी दादाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मामा, आधी का नाही सांगितलंत?"

आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याबरोबर तो प्रवेशकरही गेला. गाडीवरचा कर देशभर एकच झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवर तो अठरा टक्के आणि मोठ्यांवर चाळीस टक्के आहे, मग गाडी बेळगावला घ्या की कोल्हापूरला. राज्याच्या वाट्याचा प्रश्न मात्र आतल्या आत चालूच होता. ऑक्टोबर २०२३ पासून बिलावर गिऱ्हाइकाचा जो पत्ता लिहिलेला असेल, तेच पुरवठ्याचं ठिकाण धरलं जातं. म्हणजे १९५० च्या त्या स्पष्टीकरणाच्या जवळपास आपण फिरून आलो.

वाहनकर तेवढा राज्यांनी हातचा सोडलेला नाही. त्याचे दर वेगळे, म्हणून मोह आहेच. महागड्या मोटारी खोट्या पत्त्यावर पुदुच्चेरीत नोंदवून केरळात फिरवल्याची प्रकरणं २०१७ मध्ये बरीच गाजली. बाहेरची गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. सारख्या बदल्या होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' क्रमांकाची सोय झाली, पण ती सरकारी नोकर, सैन्यातले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी यांनाच. चंदगडच्या डॉक्टरला ती मिळाली नसती.

दादाची व्हॅन तेरा वर्षं टिकली. २००४ मध्ये ती विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक मिळालं ते बेळगावचं. ना-हरकत दाखला काढायला दादाने मला कोल्हापुरात कामाला लावलं. व्यवहाराच्या दिवशी त्या गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, कर्नाटकात परत कर भरायला लागेल का हो?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आधी वाचून सांगतो." दादा आत गेला आणि एक जुनी फाईल घेऊन आला. त्यात ते पहिलं बिल होतं, बेळगावचा दाखला होता आणि प्रवेशकराची पावती होती. पाहुण्यांनी मूळ कागद मागितले. दादाने झेरॉक्स दिल्या आणि मूळ कागद परत फाईलमध्ये घातले.