एकाक्ष कोकरांचे कोडे : जन्मजात व्यंगांचा माग घेणारे पशुविकृतिशास्त्र

दोन तोंडांचे वासरू किंवा कपाळावर एकच डोळा असलेले कोकरू जन्मल्याचे वृत्त अधूनमधून प्रसिद्ध होते. ते पाहण्यास गर्दी जमते. कोणी त्यास चमत्कार मानतो, तर कोणी अपशकुन. पशुविकृतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र असा जीव म्हणजे एक पुरावा असतो. गर्भाची वाढ कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे बिघडली, याच्या खुणा त्याच्या शरीरात उमटलेल्या असतात. त्या वाचता आल्यास पुढील हानी टाळता येते. अमेरिकेतील एकाक्ष कोकरांचा शोध हे याचे ठळक उदाहरण होय.

आयडाहोतील कळप

अमेरिकेच्या पश्चिम भागातील आयडाहो राज्यात १९५० च्या दशकात मेंढपाळ एका विचित्र संकटाने त्रस्त झाले होते. अनेक कळपांत विद्रूप चेहऱ्याची कोकरे जन्मत होती. काहींच्या कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असे, तर काहींचा वरचा जबडा अतिशय आखूड असे. काही गाभण मेंढ्या दिवस भरून गेले तरी व्यायल्या नाहीत. हा दोष आनुवंशिक असावा, असा प्रथम समज झाला. तसे असते तर पैदाशीच्या जनावरांचे मोलच नाहीसे झाले असते.

अमेरिकी कृषी विभागाचे शास्त्रज्ञ वेन बिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. आनुवंशिकतेची शक्यता मागे पडल्यावर त्यांनी मेंढ्यांच्या चाऱ्याकडे लक्ष वळविले. डोंगराळ भागातील ओलसर कुरणांत उगवणारी व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती गाभण मेंढ्यांना खाऊ घातली असता तशीच कोकरे जन्मली. हे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

चौदावा दिवस

कारण सापडण्यास इतका विलंब का लागला, याचे उत्तर गर्भाच्या वेळापत्रकात आहे. मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो. मेंढीने ही वनस्पती गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली, तरच एकाक्ष कोकरू जन्मते. त्या वेळी मेंढी गाभण असल्याचे बाहेरून कळतही नाही. कोकरू जन्मेपर्यंत कळपाने ते कुरण केव्हाच सोडलेले असते.

हीच वनस्पती निरनिराळ्या दिवशी खाल्ल्यास निरनिराळे परिणाम होतात. एकोणिसाव्या ते एकविसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भ दगावतो. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस खाल्ल्यास पायांची हाडे आखूड राहतात, तर त्यानंतर लगेचच्या दिवसांत श्वासनलिका अरुंद होते. मेंढ्या वेळेवर न व्यायण्याचे कारणही गर्भातच होते. प्रसूतीची सुरुवात कोकराच्या पीयूषिका ग्रंथीकडून मिळणाऱ्या संकेतावर अवलंबून असते आणि व्यंग असलेल्या कोकरांत नेमका याच ग्रंथीचा विकास बिघडलेला होता.

उपाय साधा ठरला. गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत मेंढ्यांना त्या कुरणांपासून दूर ठेवणे पुरेसे होते. त्यासाठी कोणताही कळप मोडावा लागला नाही.

विषाणू आणि जनुक

प्रत्येक व्यंगाचे मूळ चाऱ्यात असते असे नाही. युरोपात २०११ च्या अखेरीपासून वाकडा कणा आणि ताठरलेले सांधे असलेली कोकरे व वासरे जन्मू लागली. काहींच्या मेंदूची वाढही खुंटलेली होती. हा उपद्रव चिलटांसारख्या सूक्ष्म रक्तशोषक कीटकांमार्फत पसरणाऱ्या नव्या विषाणूचा होता. जर्मनीतील ज्या गावाच्या परिसरातील गायींमध्ये तो प्रथम आढळला, त्यावरून त्यास श्मालेनबर्ग विषाणू असे नाव मिळाले.

आनुवंशिक कारणाचे उदाहरण होल्स्टिन गायींत आढळते. आखूड मान आणि मणक्यांतील विकृती असलेली वासरे डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी १९९९ च्या सुमारास ओळखली. या दोषाचा माग कार्लिन-एम आयव्हनहो बेल या अमेरिकी वळूच्या वंशापर्यंत पोहोचला. कृत्रिम रेतनामुळे त्याची संतती अनेक देशांत पसरली होती. सदोष जनुकाची एकच प्रत असलेले जनावर निरोगी दिसते; मात्र दोन वाहकांच्या संकरातून प्रत्येक वेळी चारात एक या प्रमाणात बाधित गर्भाची शक्यता असते. म्हणूनच रेतनासाठी वळू निवडताना केवळ त्याच्या मातेचे दूध पाहून भागत नाही, जनुकीय तपासणीही आवश्यक ठरते. संकरित गायींची संख्या मोठी असलेल्या भारतातही ही बाब महत्त्वाची आहे.

कोकरापासून औषधापर्यंत

व्हेराट्रममधील विषारी द्रव्य १९६० च्या दशकात वेगळे करण्यात आले. ग्रीक पुराणकथांतील एकाक्ष राक्षस सायक्लॉप्स याच्यावरून त्यास सायक्लोपामाइन असे नाव देण्यात आले. मेंदूचे दोन भाग आणि दोन डोळे वेगळे होण्यासाठी गर्भपेशींना जो 'हेजहॉग' संकेत मिळावा लागतो, तो हे द्रव्य रोखते, असे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. हाच संकेत काही कर्करोगांत अनिर्बंध सुरू राहतो. तो रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध त्वचेच्या एका प्रकारच्या प्रगत कर्करोगावर वापरण्यास अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. गर्भातील बालकास गंभीर व्यंग होण्याचा धोका असल्याने गर्भवतींनी ते घेऊ नये, असा इशारा त्यासोबत दिला जातो.

पशुपालकांनी घ्यावयाची दक्षता

व्यंग असलेले किंवा मृत पिलू जन्मल्यास ते लगेच पुरून न टाकता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मृत पिलू व वार यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, कारण ब्रुसेलोसिससारखे काही संसर्ग माणसालाही होतात. तपासणी होईपर्यंत ते थंड जागी आणि कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

शवविच्छेदनाइतकीच माहितीही मोलाची असते. रेतनाची तारीख, वळूची नोंद, गाभण काळातील चारा, दिलेली औषधे आणि कळपातील इतर गर्भपात यांचा तपशील तज्ज्ञांना द्यावा. असे एकच पिलू जन्मल्यास तो योगायोग असू शकतो. मात्र एकाच हंगामात तशी अनेक पिले जन्मल्यास त्यामागे समान कारण असण्याची शक्यता अधिक असते. हा प्रकार लपविल्यास ते कारण पुढच्या हंगामातही तसेच राहते.