उंच मुलाची खुर्ची : एका मोजपट्टीचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. तत्त्वज्ञानाचे मास्तर आणि मोटारीतली लहान मुलांची खुर्ची! पण आपल्या श्रोत्यांपैकी कितीतरी जण आज आजी-आजोबा आहेत. मुले-सुना-जावई कुणी न्यू जर्सीत, कुणी सिडनीत, कुणी इथेच बाणेर-वाकडला. नातवंडे मात्र सगळीकडे सारखीच : अंगाने थोराड, भराभर वाढणारी. ‘तीन वर्षांचा आहे, पण पाचाचा वाटतो. आता त्याला पुढे तोंड करून बसायची कार सीट घ्यायची, कुठली घेऊ?’ हा प्रश्न आमच्याकडे या ना त्या रूपात सारखा येतो. त्याचे उत्तर द्यायचे तर मूल कशाने ‘मोठे’ ठरते, हे आधी पाहावे लागते. आणि या प्रश्नाला चांगला नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीला मोजमाप असे काही नव्हतेच. १९३० च्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी ज्या खुर्च्या निघाल्या, त्यांचा हेतू एवढाच की मूल एका जागी बसावे, वळवळ करू नये आणि त्याला खिडकीबाहेरचे दिसावे. पुढच्या सीटच्या पाठीला लोखंडी हूक अडकवायचा, खाली कापडाची झोळी, आणि काहींना चक्क खेळण्यातले स्टिअरिंग जोडलेले. अपघात हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मुलाला आवरणे आणि मुलाला वाचवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात यायला पुढची तीस वर्षे जावी लागली.

ते लक्षात आले स्वीडनमध्ये. १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. हे गृहस्थ त्याआधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते, म्हणजे माणसाच्या शरीराला किती झटका सोसतो याचा अभ्यास हाच त्यांचा व्यवसाय. पण तो पट्टा मोठ्यांचा. मुलांचा विचार केला बर्टिल आल्डमन यांनी. जेमिनी मोहिमेतले अंतराळवीर झेप घेताना पाठीवर रेलून असतात, म्हणजे जो प्रचंड दाब येतो तो सगळ्या पाठीवर पसरतो. आल्डमन यांच्या मनात आले, की मोटार समोरून आदळते तेव्हा मुलाची पाठ धक्क्याच्या दिशेला असली तर? १९६४ मध्ये त्यांच्या मागे तोंड असलेल्या खुर्चीच्या नमुन्याची चाचणी झाली, आणि १९७२ मध्ये व्होल्वोने तशी खुर्ची बाजारात आणली.

इथे थोडे थांबू या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. जन्मतः मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्सा. म्हणजे लहान मूल हे एका बारीक देठावरचे जड फळ आहे. आणि तो देठही अजून पुरता हाडाचा झालेला नसतो. मानेच्या मणक्यांचे भाग लहानपणी कूर्चेने जोडलेले असतात, ते हळूहळू पक्के होतात, साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, पण डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान, पाठ तिन्ही एकत्र खुर्चीत दाबली जातात. आता नीट ऐका : हाड पक्के होणे हे वयावर चालते, उंचीवर नाही. तीन वर्षांचे मूल पाच वर्षांएवढे दिसते म्हणून त्याची मान पाच वर्षांची होत नाही. उंच मुलाच्या बाबतीत सगळे घर नेमके इथेच फसते.

खुर्ची आली, पण ती वापरायची सक्ती कुठे होती? अमेरिकेत १९७१ मध्ये खुर्च्यांसाठी पहिले सरकारी मानक आले, पण खुर्ची प्रत्यक्ष आदळवून पाहण्याची अट १९८१ पर्यंत नव्हती. दरम्यान टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ आमदारांच्या मागे लागले होते. १९७७ मध्ये कायदा झाला, १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला, आणि मुलांसाठी अशी सक्ती करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य ठरले. पण त्यात एक पळवाट शिरली : मूल मोठ्या माणसाच्या हातात असेल तर खुर्ची नको! आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, असा तो भाबडा विचार. सँडर्स यांच्या बाजूचे लोक या दुरुस्तीला मूल चिरडणारी दुरुस्ती म्हणत. १९८१ मध्ये ती काढली गेली, आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

ही पळवाट आपल्याकडे कायद्यात नसली तरी मनात पक्की बसलेली आहे, म्हणून एक हिशेब सांगतो. अमेरिकेतली चाचणी ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने होते. त्या वेगाने गाडी आदळणे म्हणजे नऊ मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे. बारा किलोच्या मुलावर झटक्याचा जोर त्याच्या वजनाच्या वीसपट आला, तर आजीच्या हातांना क्षणभर दोनशे चाळीस किलो धरावे लागतील. आजीचे प्रेम कितीही मोठे असो, मनगट तेवढे मोठे नसते.

आता मोजपट्टीकडे येऊ. सक्ती आली की नियम करावा लागतो आणि नियमाला लक्षण लागते. आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. गाय कोणती, तर जी कपिला रंगाची, असे म्हटले तर काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. जिला शिंगे आहेत ती गाय म्हटले तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. मुलांच्या खुर्चीचा इतिहास आम्हांला या दोन दोषांशी चाललेल्या झटापटीसारखा दिसतो.

युरोपात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जो नियम आला, त्याने वजन हे लक्षण धरले. नऊ किलोपासून अठरा किलोपर्यंत एक गट, आणि या गटात पुढे तोंड चालेल. किती सोपे! प्रत्येक घरात वजनकाटा असतो. पण बाळसेदार मूल वाढदिवसाच्या आधीच नऊ किलो भरते. मग आईबाप हौसेने त्याला पुढे वळवत, कारण लेबल तसे म्हणे. ही झाली अतिव्याप्ती. दुसऱ्या टोकाला उंच आणि सडपातळ मूल. काटा म्हणतो चौदा किलो, अजून खूप जागा आहे. प्रत्यक्षात त्याचे खांदे पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेच्या वर गेलेले आणि कान खुर्चीच्या काठाशी आलेले. वजनाच्या नियमाला ते मूल दिसतच नाही. उंच मूल हे वजनाच्या लक्षणाला मिळालेले प्रतिउदाहरण आहे.

मग वय घ्यावे? तेही करून झाले. २००७ मध्ये एक शोधनिबंध आला, की दोन वर्षांखालची मुले मागे तोंड करून बसलेली असतील तर कितीतरी पटींनी सुरक्षित असतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांची रेघ ओढली. पुढे त्या निबंधातली आकडेमोड पुन्हा करून पाहताना जुळेना, आणि तो मागे घेतला गेला. २०१८ मध्ये संघटनेने वयाची रेघ पुसली आणि म्हटले, खुर्चीच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल बसते आहे तोवर मागे तोंड ठेवा. कुणी म्हणेल, पाहा, शास्त्रज्ञांचेही ठरत नाही. आम्ही उलट म्हणू. निबंध पडला, पण मानेच्या हाडांचे आणि स्वीडनमधल्या इतक्या वर्षांच्या अनुभवाचे म्हणणे तसेच उभे राहिले. तिथे मुले चार वर्षांपर्यंतही मागे तोंड करून प्रवास करतात. एक पुरावा गेला म्हणून निष्कर्ष जात नाही, हा तर्कशास्त्राचा पहिल्या वर्षाचा धडा आहे.

मुलाची उंचीच पाहायची, हे शहाणपण प्रथम ऑस्ट्रेलियाने नियमात आणले. तिथल्या मानकाने २०१० मध्ये वजन बाजूला ठेवून खुर्चीवरच खांद्यांच्या उंचीच्या खुणा घालायला सांगितले. खांदा खुणेच्या वर गेला की खुर्ची बदला. काटा नको, जन्मदाखला नको. खुर्चीचा माथा मागे हुकाला बांधणारा पट्टा, ज्याला टॉप टेदर म्हणतात, त्याची सोय गाडीत असण्याची सक्ती त्यांनी १९७६ पासूनच केली होती. युरोपने २०१३ मध्ये नवा नियम आणला. त्यात खुर्चीवर सेंटिमीटर छापलेले असतात आणि पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत पुढे तोंड करायला मनाई आहे. म्हणजे उंची आणि वय दोन्ही. एक लक्षण पुरत नाही, हे अखेर मान्य झाले.

आता आपल्या उंच नातवाकडे. सर्वांत आधी, त्याला खरेच पुढे वळवायचे आहे का? ‘पाय दुमडतात हो, अवघडतो’ हे कारण आम्ही शंभर वेळा ऐकले आहे. मांडी घालून जेवणाऱ्या समाजाने हे कारण द्यावे याचे नवल वाटते! पाय दुमडणे ही मर्यादा नाहीच. मागे तोंड असलेल्या खुर्चीची मर्यादा डोक्याला असते. डोक्याच्या वर खुर्चीचा काठ साधारण एक इंच शिल्लक असला पाहिजे, नेमके किती ते पुस्तिकेत असते. तोवर वळवू नका. जागा संपली असेल तर कधी कधी जास्त उंच पाठीची, मागे तोंड करता येणारी दुसरी खुर्ची हेच योग्य उत्तर असते.

आणि वळवायचेच असेल, तर भिंतीवरची पेन्सिलची रेघ विसरा. सारख्या उंचीची दोन मुले बसवून पाहा, एकाचे पाय लांब, दुसऱ्याचे धड लांब. खुर्चीला पायांशी देणेघेणे नाही. मुलाला जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसवा आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत टेप लावा. हा आकडा घेऊन दुकानात जा, आणि खुर्चीच्या बैठकीपासून पट्ट्यांच्या सर्वांत वरच्या खाचेपर्यंतचे अंतर मोजा. पुढे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यायला हवेत. मागे तोंड असताना याच्या उलट, रेषेत किंवा खालून. मापात चार-पाच बोटांची तरी वाढ शिल्लक असावी, नाहीतर वर्षाच्या आत पुन्हा खर्च. कान खुर्चीच्या काठाखाली राहतात का, तेही पाहा. लेबलवर किती किलोपर्यंत लिहिले आहे, याने भुलू नका. उंच मुलाची खाच आधी संपते, किलो नंतर.

टॉप टेदरबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. पुढे तोंड असलेल्या खुर्चीत डोके किती पुढे झेपावते, हे या एका पट्ट्याने बरेच कमी होते. उंच मुलाचे डोके आधीच वर आणि पुढे, म्हणून त्याला तो अधिक हवा. गाडीच्या मागच्या सीटच्या पाठीमागे, छताला किंवा डिकीच्या तळाला त्याचा हूक असतो. आधी तो शोधा, मग खुर्ची घ्या. लोक उलटे करतात.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ‘ब’ हे कलम आले. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खुर्चीत बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड. ‘किंवा’ या शब्दाकडे लक्ष द्या. तीन वर्षांच्या उंच मुलाला नुसता मोठ्यांचा पट्टा लावला तरी कायद्याचे अक्षर पाळले जाते, आणि तो पट्टा त्याच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपमध्ये गाड्यांना मुलांच्या सुरक्षेचे वेगळे तारे मिळतात, ही चांगली गोष्ट आहे; मात्र ते तारे मूल खुर्चीत नीट बांधलेले आहे असे गृहीत धरून दिलेले असतात.

हार्नेसची शेवटची खाचही संपली तर काय, असे एका ताईंनी लिहून पाठवले आहे. तर मग उंच पाठीचा बूस्टर, पण किमान चार वर्षे पूर्ण झाल्यावर, आणि मूल सगळ्या प्रवासभर पट्टा न काढता, न वाकता, झोपून न घसरता बसू शकते का हे पाहून. त्याआधीच खाच संपली, तर जास्त उंच खाचेची हार्नेसची खुर्ची शोधायची. आता बाकीचे प्रश्न घेऊ.