तळटीप : मंडणगडाचे तीन बांधकर्ते
मंडणगड : रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदीच्या दक्षिणेस असलेला डोंगरी किल्ला. ज्या प्रवाशाला येथे एकच गड दिसतो, त्याला स्थानिक दंतकथा मात्र मंडणगड, पारकोट आणि जांबा असे तीन भाग दाखवते आणि त्यांपैकी पहिला शिवाजी महाराजांनी, दुसरा हबशाने, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीने, व तिसरा आंग्र्यांनी बांधला असे सांगते. ही वाटणी शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु या किनाऱ्यासाठी ज्या तीन सत्ता झुंजल्या त्यांचीच नावे लोकस्मृतीने एका डोंगरावर शेजारी शेजारी ठेवली, हे तिचे मोल दुर्लक्षिण्याजोगे नाही. पहिल्या नावाला तर लिखित आधारही आहे : कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यानुसार, १६६१च्या कोकण मोहिमेत पालवणीचा जसवंतराव दळवी शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांच्या आश्रयाला पळाल्यावर महाराजांनी जवळचा चिरदुर्ग तटबंदीने बळकट करून त्याला मंडनगड हे नाव दिले. टॉलेमीने, म्हणजे दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकाराने, नोंदवलेले ‘मंदगोरा’ बंदर याच परिसरात होते असे काही अभ्यासक मानतात. तथापि ते अनुमान मुख्यतः नामसाम्यावर उभे असल्याने गडाच्या बांधणीचा काळ त्यावरून ठरवणे धाडसाचे होईल. १८१८मध्ये इंग्रजांच्या कर्नल केनेडीच्या फौजेने गड जिंकला. वर पाण्याचे तलाव आणि गणपतीचे देऊळ आहे.