ट्रॅक्टरची बॅटरी होडीत का चालत नाही?

मंडळी, उजनीच्या फुगवट्यात पलीकडच्या रानात जायला होडीवर बॅटरीची मोटर बसवावी असं बऱ्याच जणांच्या मनात आहे. मला हमखास येणारा प्रश्न एकच. "ट्रॅक्टरची बॅटरी घरात आहेच, तीच लावली तर?" नका लावू. कारण समजायला थोडं मागं जावं लागतंय.

1838 साली रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं डझनभर माणसं बसवून विजेवर नाव चालवली. पण त्या बॅटरीत जस्त खर्च व्हायचं. जस्त संपलं की वीज संपली. असला धंदा कुणाला परवडणार?

मग 1859 साली फ्रान्समध्ये प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाच्या ॲसिडात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार झाली. 1881 साली फॉर यांनी शिशावर ऑक्साइडचा लेप दिला, ताकद एकदम वाढली. पुढच्याच वर्षी लंडनच्या थेम्स नदीत 'इलेक्ट्रिसिटी' नावाची पंचवीस फुटी लोखंडी होडी 45 सेलवर पळाली. 1893 साली, म्हणजे विवेकानंदांचं भाषण गाजलं त्याच साली, शिकागोच्या प्रदर्शनात पन्नासच्या वर विजेच्या होड्या लोकांना फिरवत होत्या.

बघा, मोटारीच्या सेल्फच्या कितीतरी आधी ही बॅटरी होडीत मुरली होती. सेल्फ आला 1912 साली, कॅडिलॅक गाडीत. त्याला दोन-चार सेकंद जबरदस्त करंट लागतो, नंतर डायनामो बॅटरी भरून काढतो. त्यासाठी प्लेटा पातळ आणि जास्त केल्या. इथं बॅटरीच्या दोन जाती वेगळ्या झाल्या. ट्रॅक्टरची बॅटरी ही दुसरी जात. ती रोज निम्मी उतरवली की लेप झडून तळाला बसतो आणि एखाद्या हंगामात बॅटरी बसते, तीही नेमकी मध्यपाण्यात. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत हा मसाला नळ्यांत भरलेला असतो, म्हणून टिकतो. होडीला तीच घ्या.

हिशोब सांगतो. 150 एएच हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवल्याचा, म्हणजे साडेसात अँपिअरचा. मोटर ओढणार 40. जेवढं जोरात ओढाल तेवढं कमी मिळतं, हे पॉयकर्ट यांनी 1897 मध्येच दाखवलंय. त्यात निम्मीच वापरायची. म्हणजे दीड तासाच्या आतच धरा, आणि वारा उलटा असेल तर त्याहून कमी.

वायरिंगचं. ट्रॅक्टरला निगेटिव्ह चासीला देतो, ती सवय इथं सोडा. लोखंडी होडीच्या अंगातून करंट फिरला तर पत्रा खातो. दोन्ही वायरी मोटरपर्यंत वेगळ्या न्या, जाड न्या. फ्यूज मोटरजवळ नको, बॅटरीच्या प्लसपाशी हवा, कारण वायर घासून शॉर्ट झाली तर जळणार ती मधली वायरच. मोटर 24 व्होल्टची मिळाली तर उत्तम: तेवढ्याच कामाला करंट निम्मा, वायरीतलं नुकसान चौथा हिस्सा. सिरीजला दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या, एकाच कंपनीच्या घ्या. जुनी-नवी जोडी म्हणजे म्हातारा बैल आणि खोंड एका जुवाला.

वजन पन्नास किलोच्या पुढं आणि अंगानं उंच, म्हणून तळाशी मधोमध पट्ट्यानं बांधायची. जुन्या होड्यांतही सेल बसायच्या फळ्यांखालीच असायचे. पेटी हवाबंद नको. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, जवळ बिडी नको.

केरळात वैकमला 2017 पासून 75 माणसांची 'आदित्य' सौरनौका चालते, तिच्यात लिथियम आहे. हलकी, बरीच खोल उतरवली तरी चालणारी, पण किंमत जास्त आणि चार्जर वेगळा. शिशाचा जुना चार्जर तिला लावू नका.