हैदराबाद स्क्वॉड्रन (क्रमांक ११०) : युद्धकबरींचा शोध

ब्रिटिश हवाई दलातील एक बॉम्बफेकी स्क्वॉड्रन. पहिल्या महायुद्धात तिची डीएच-९ए विमाने हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून आली आणि ‘हैदराबाद’ हे नाव तिला कायमचे चिकटले. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामांच्याच संस्थानात होते, म्हणून मराठवाड्याच्या अभ्यासकाला हा विषय परका नाही. मात्र नावावरून फसू नये. या विमानांत बसून मेलेले तरुण हैदराबादचे नव्हते.

स्क्वॉड्रनची स्थापना नोव्हेंबर १९१७ ची. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्सच्या व्होज भागातील बेटाँकूर येथे दाखल झाली आणि जर्मन शहरांवर दिवसाढवळ्या हल्ले करू लागली. विमान दोन आसनी. पुढे वैमानिक, मागे मशीनगन घेतलेला निरीक्षक. २१ ऑक्टोबरच्या एकाच मोहिमेत सात विमाने परतली नाहीत. प्रत्येक विमानाच्या अंगावर निजामांच्या देणगीचा मजकूर आणि क्रमांक रंगवलेला असे. ‘हैदराबाद १२-ए’ हे त्यांपैकी एक विमान ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनांच्या हाती लागले. पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात होते, दुसऱ्या महायुद्धात पोलंडला हलवले गेले आणि १९७७ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाला मिळाले. त्या विमानातले दोघेही जिवंत कैद झाले होते.

शोधाची पहिली पायरी इथेच आहे : न परतलेल्यांतून कैदी वेगळे काढायचे. उरलेल्यांची कबर ते पडले त्या गावी सापडेल असे मात्र नाही. जर्मन सैनिकांनी त्यांना जवळच्या गावात पुरले, पण युद्धानंतर इंपीरिअल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने (आजचे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) जर्मनीतील विखुरलेल्या कबरी कोलोन, कासेलजवळचे नीडरत्स्वेरेन, बर्लिन आणि हॅम्बुर्ग अशा चार ठिकाणी एकत्र केल्या. स्थलांतराची ही नोंद कमिशनच्या कागदांत असते आणि मूळ गावाचे नाव तिथेच मिळते. पश्चिम आघाडीवर ज्यांचा ठावठिकाणा लागलाच नाही, त्यांची नावे फ्रान्समधील आरास येथील वैमानिक स्मारकावर कोरली आहेत.

दुसऱ्या महायुद्धात हीच स्क्वॉड्रन ४ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्लेनहाइम विमाने घेऊन विल्हेल्म्सहाफेनच्या जर्मन युद्धनौकांवर गेली. त्या हल्ल्यात एक ब्लेनहाइम ‘एम्डेन’ या क्रूझरवर आदळले. न परतलेल्या ११० च्या वैमानिकाचे आडनावही एम्डेनच होते. अशा योगायोगांचा मोह संशोधकाने आवरावा, कारण त्यांच्या मागे लागून बाकीच्या सोबत्यांची नावे विसरली जातात. १९४२ मध्ये स्क्वॉड्रन भारतात आली, ‘व्हेंजन्स’ विमानांतून अराकानवर उडाली आणि पुढे ‘मॉस्किटो’ विमानांसह युद्धाच्या अखेरपर्यंत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर राहिली.

तिकडे पडलेल्यांचा शोध दोन वाटांनी जातो. देह सापडला तर म्यानमारमधील तौक्यान किंवा ईशान्य भारतातील युद्धदफनभूमी. न सापडला तर सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर नुसते नाव. पश्चिम व मध्य भारतात अपघाताने किंवा आजाराने दगावलेल्या सैनिकांच्या, पुढे निगा राखणे कठीण असलेल्या कबरी पुण्याजवळ खडकीच्या युद्धदफनभूमीत हलवल्या गेल्या. मराठवाड्यातील माणसाला प्रत्यक्ष जाऊन पाहता येण्यासारखी हीच जागा जवळची. दगडावर दलाचे चिन्ह, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख आणि खाली कुटुंबाने निवडलेली ओळ असते. स्क्वॉड्रनचा क्रमांक सहसा नसतो. तो लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या स्क्वॉड्रनच्या रोजनाम्यात पाहावा लागतो : कोणते विमान, कोण कोण बसले, किती वाजता उडाले, परतले की नाही. एकाच विमानातल्या माणसांचे दगड एकमेकांना चिकटून उभे दिसले, तर सामायिक कबरीची शक्यता आधी तपासावी. आगीत किंवा आघातात देह वेगळे ओळखता न आल्यास असे दफन होई.

कमिशनच्या यादीत ‘हैदराबाद’ शब्द घालून शोधण्याची चूक नवखा माणूस हमखास करतो. त्यातून एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटचे पायदळ सैनिक समोर येतात. ती पलटण वेगळी, १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. १५२ आणि २५३ या लढाऊ विमानांच्या स्क्वॉड्रनही हैदराबादचे नाव मिरवत, त्यामुळे गोंधळ वाढतो. शोध क्रमांकाने घ्यावा, नावाने नव्हे.

देणगीच्या बाजूचे कागद शोधायचे तर हैदराबादच्या तारनाका भागातील तेलंगण राज्य अभिलेखागाराकडे वळावे लागते. निजामी दफ्तर बहुतांशी उर्दू-फार्सीत आहे. मोडी वाचणारा मराठवाड्यात अजून गाठता येतो. पण या दफ्तरातली शिकस्ता, म्हणजे फार्सी-उर्दूची घाईने लिहिलेली जोडलिपी, वाचणारा मिळवणे ही मराठी अभ्यासकाची खरी अडचण आहे.